थिबाच्या घरचा कारभार साहेबाच्या हाती

तुमच्या लेखात रेसिडेंट आणि पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानिकांच्या दरबारी इंग्रज सरकारने नेमलेले अधिकारी, यांचे बंगले, बटलर, मेजवान्या छान रंगवल्यात. पण आमच्या रत्नागिरीचा पोलिटिकल ऑफिसर राहिलाच की! १८८५ मध्ये इंग्रजांनी उरलेला उत्तर ब्रह्मदेश घेतला, तिथल्या थिबा राजाला आधी मद्रासला नि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. त्याच्यावर नेमलेला हा अधिकारी म्हणजे अर्धा पोलीस, अर्धा घरचा कारभारी. राजाची तनख्याची ओढाताण, नोकरांचे पगार, सावकारांची देणी, सगळं त्याच्या डोळ्यांखालून. राजाला गावाबाहेर जायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि व्हाइसरॉयकडे अर्ज करायचा तोही ह्याच वाटेने. दरबार कसला, वाण्याची बिलं तपासणारा साहेब तो!

जांभ्या दगडाचा राजवाडा उभा राहिला १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर. पुढे सहाच वर्षांत राजा गेला. वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल लाकडी खिडकीशी उभं राहिलात तर भाट्याची खाडी दिसते. मी शाळेच्या सहलीत तिथे उभा होतो, मास्तर ओरडेपर्यंत.

थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू इथेच राहिली, अस्सल रत्नागिरीकर झाली. तिच्यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.