दुपारी खाद्य बंद म्हणजे उपासमार नाही हो दादा

दादा, उन्हाळ्यात कोंबड्यांना खाद्य कसं द्यावं यावर मी पोस्ट लिहिली होती, तिच्यावरची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की "अंड्यावरच्या कोंबडीला सकाळी दहा ते दुपारी चार खाद्य बंद ठेवा असं लिहिणं म्हणजे मुक्या जिवाचा छळ, खाल्लंच नाही तर अंडं कुठून देणार, आमची आजी काय घड्याळ बघून दाणे टाकायची का". आणि तुम्ही दिवसभर भांडी भरलेली ठेवता, वरून मका टाकता, अंडी कमी झाली की पेंड वाढवता. आता एकेक घेते.

आधी आजी. तिच्या गावरान कोंबड्या मे महिन्यात दुपारी काय करायच्या ते आठवा जरा. चिंचेखाली नाहीतर गोठ्यात माती उकरून बसायच्या, पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, गळा लपलप हलतोय. पुढ्यात मूठभर ज्वारी टाकली तरी उठायच्या नाहीत. दुपारचं खाणं त्या आपणहून बंद ठेवायच्या, आणि वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायच्या, कुणाची तक्रार नव्हती. तुमच्या शेडमधली लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, ३०० च्या वर देते, तिला चिंच नाही न गोठा नाही, भांडं समोर आहे म्हणून टोचत बसते.

कोंबडीला घाम येत नाही, अंगाचं तापमान मुळातच ४१ डिग्रीच्या आसपास. खाल्लेलं पचवताना जी उष्णता तयार होते ती खाल्ल्या खाल्ल्या नाही, तीन-चार तासांनी चढते. म्हणजे बाराला खाल्लं की तीन-चारला, आमच्या अकोल्याकडे पारा ४४ ला असतो नेमका तेव्हा, आतूनही भट्टी. उन्हाळ्यातली मरतूक दुपार कलताना होते ती उगाच नाही. आणि उपाशी ठेवा असं मी कुठे म्हटलं? पहाटे साडेचार-पाचला लाइट लावून पोटभर, ऊन उतरलं की परत, आणि फारच गरम असेल तर मध्यरात्री तासभर लाइट लावून अजून एकदा, फक्त त्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन तास तरी अंधार पाहिजे.

आता मका, कारण खरा घोळ इथे आहे. लेयर खाद्यात साडेतीन टक्के कॅल्शियम धरा. कोंबडीने ११० ग्राम खाल्लं तर ३.८५ ग्राम मिळालं, छान. उन्हाळ्यात ती ८० वर येते, मिळालं २.८. त्या ८० मधले २० ग्राम तुम्ही टाकलेला मका असेल तर लेयर खाद्य उरलं ६०, कॅल्शियम २.१, कारण मक्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. एका कवचाला दोनेक ग्राम लागतं आणि खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. मग बाकीचं ती हाडातून काढते, आणि काही दिवसांनी आपण म्हणतो कोंबड्या पायावर बसल्या, कुठला रोग आला कोण जाणे.

पेंड वाढवणं, म्हणजे प्रोटीन वाढवणं, तर अजून महागात. जास्तीचं प्रोटीन बाहेर टाकायला तिला उलट जास्त उष्णता तयार करावी लागते. पेंड आहे तेवढीच ठेवा, मिथिओनिन-लायसिन (प्रोटीनमधले गरजेचे घटक) बरोबर आहे का बघा, एनर्जी कमी पडत असेल तर खाद्यात थोडं तेल घाला, तेल पचताना सगळ्यात कमी उष्णता निघते.

पातळ कवचाचं अजून एक कारण धापणं. धापताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवचाला लागणारा मालच कमी पडतो. म्हणून किलोभर खाद्याला दोन-तीन ग्राम खायचा सोडा सांगितला, मीठ तेवढं कमी करून. तुम्ही त्याला केमिकल म्हणालात, अहो भज्यात घालतो तोच तो.

कवच बनतं मुख्यतः रात्री. संध्याकाळी शिंपल्याची जाड भरड वेगळ्या भांड्यात ठेवून बघा, बारीक पूड नको, ती लवकर निघून जाते, जाड खडा पोटात रात्रभर हळूहळू विरघळतो. अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या खाद्य सोडून आधी तिकडे जातात, स्वतः बघाल.

एक मुद्दा मात्र तुमचा रास्त आहे. खाद्य बंद ठेवून संध्याकाळी टाकलं की झुंबड उडते आणि दुबळ्या कोंबड्या मागे राहतात. त्याला उपाय भांडी वाढवणं, दर कोंबडीमागे चार इंच तरी जागा. तेवढी भांडी नसतील तर आधी ती घ्या, मगच खाद्य बंद करायचं बघा.

आणि पाण्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. दुपारी दोनला निपल (कोंबड्या पाणी पितात ती तोटी) दाबून पाणी हातावर घ्या. कोमट-गरम लागलं तर कोंबडी ते पिणार नाही आणि पाणी कमी प्याली की खाद्यही कमी खाणार, वेळ कुठलीही ठेवा. तसं असेल तर बाकीचं राहू द्या, उद्या सकाळी आधी टाकीला चुना मारा आणि पाइपवर ओलं गोणपाट टाका.