मशीन घेण्याआधी एक वही घ्या

इंदूरच्या मराठी घरांमधून, रामबाग असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, एक प्रश्न सारखा कानावर पडतो : "काहीतरी छोटं सुरू करायचंय, काय करू?" समोरचा लगेच यादी सांगतो. मसाले कर, पापड कर, डबे दे. माझं मत वेगळं आहे. धंद्याचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी शोधायचं ते हे, की लोकांचं आज कुठल्या वस्तूवाचून अडतंय आणि ती हातात आली तर लगेच पैसे काढतील.

या शहरात शेव विकायला निघणं धाडसाचं आहे. इथे गल्लोगल्ली शेव-नमकीन आहे, सराफा आणि छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांत खवय्ये आहेत, पोह्यावर जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) कमी पडलं तरी गिऱ्हाईक बोलून दाखवतं. पण घरातल्या स्वयंपाकिणीला विचारा, पुण्याहून कोणी येणार असलं की तिच्या यादीत काय असतं? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी. गौरीच्या आदल्या दिवशी तयार पुरण मिळालं तर हवं असणाऱ्या सत्तरीच्या आज्या किती आहेत, तेही बघा. संधी त्या यादीत आहे.

ही यादी डोक्यात ठेवू नका, वहीत उतरवा. महिनाभर तीन रकाने भरायचे : कोणी काय मागितलं, आत्ता त्यावाचून कसं भागवतात, आणि त्यासाठी किती पैसे मोजतात. "वा, छान कल्पना आहे" हे वहीत लिहायचं नाही. कौतुकाला किंमत नसते. "शनिवारी दोन पाकिटं ठेव, हे घे पैसे" एवढंच लिहायचं. मग वीस घरांना 250 ग्रॅमचं पाकीट विकायचं. विकायचं, वाटायचं नाही. फुकट दिलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही, म्हणून त्यातून काही कळत नाही. महिन्याच्या आत वीसातल्या सात-आठ घरांनी तुम्ही आठवण करून न देता पुन्हा मागितलं, तर पुढचं पाऊल टाका. पहिली खरेदी ओळखीखातर होते, दुसरी चवीसाठी.

इंदुरात राहणाऱ्यालाच दिसेल असं एक उदाहरण देतो. आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतो. म्हणजे दोन्ही मिळून उपासाचे साधारण दीड महिने. पुण्यातल्या भाजणीवालीला ही सोय नाही, तुम्हाला आहे. पण त्यासाठी शेजारणीची भाषा यायला हवी. आपली वरई तिच्याकडे मोरधन असते, तिला सेंधा नमकच लागतं, आणि जिरं किंवा धणे उपासाला चालतात की नाही, हे घराघरात बदलतं. म्हणून घटक मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत छापायचे आणि मीठ भाजणीत घालायचंच नाही. दळण हा यातला सगळ्यात नाजूक भाग. चक्कीत आधी गहू दळलेला असेल तर त्याची कणी पिठात उतरते. उपास मोडला हे कळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि मैत्रिणींनाही सांगतं. एक तर घरघंटी फक्त उपासासाठी वेगळी ठेवा, नाहीतर चक्कीवाल्याशी ठरवून सकाळी चक्की साफ करून पहिलं दळण आपलं घ्या, आणि त्यातलंही पहिलं पाव-अर्धा किलो पीठ बाजूला काढा.

आता चकलीकडे येतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडतात. घरात वाटीच्या मापाने चालतं, धंद्यात नाही. वाटी कधी शिगोशीग भरते, कधी सपाट. सगळं ग्रॅममध्ये आणा : तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ 500 ग्रॅम, उडीद डाळ 250, मूग डाळ 125, धणे 50, जिरं 25. प्रत्येक धान्य वेगवेगळं आणि मंद आचेवर भाजायचं. डाळीला रंग चढला आणि तांदूळ कच्चाच राहिला, तर चकलीला पिठूळ वास येतो. डाळ इंदुरात चांगली मिळते, हे डाळ मिलचं गाव आहे. सियागंजच्या घाऊक बाजारात भाव विचारताना भावाबरोबर डाळ नवी की जुनी तेही विचारा, कारण दोन्ही पीठं पाणी सारखं धरत नाहीत.

चकली तेलात सोडताच विरायला लागली तर मोहन जास्त झालं. दाताला दगडासारखी लागली तर मोहन कमी झालं. पाडताना तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं आहे किंवा उकड नीट मुरलेली नाही. तेलकट झाली तर तेल पुरेसं तापलं नव्हतं, किंवा एका घाण्यात फार चकल्या टाकल्यामुळे ते एकदम थंड झालं. वरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ, तर आच जास्त होती आणि आतलं पाणी तसंच राहिलं. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळायचं, रंगावर जायचं नाही. हे प्रत्येक घाण्याला वहीत लिहा. आठवड्याभरात तुमचा दोष कुठला, ते तुम्हालाच दिसेल.

हिशोब करू. खालचे भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या खरेदीचे आकडे घालून बघा. दहा किलो भाजणी, भाजण्या-दळण्यासकट 900 रुपये. तीळ, ओवा, तिखट, मीठ 150. चकलीत गेलेलं आणि टाकून द्यावं लागलेलं मिळून चार किलो तेल 600. गॅस 300, आणि तो व्यावसायिक सिलिंडरचाच, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. अशा घाण्यातून धरा तेरा किलो चकली निघते, त्यातली एक किलो मोडते. राहिलेल्या बारा किलोची 48 पाकिटं, पिशवी-लेबलचे 240. बेरीज 2190, म्हणजे किलोला 182 रुपये 50 पैसे. इथे थांबून लोक 260 रुपये भाव ठेवतात. दुकानदाराने 20 टक्के घेतले की हातात 208 येतात, आणि किलोला 25 रुपये सुटले म्हणून आनंद होतो.

पण दोन बायका दिवसभर उभ्या होत्या, त्यांचे प्रत्येकी 500 कुठे गेले? ते धरले की खर्च 3190, किलोला 266. म्हणजे 208 ला विकून किलोमागे 58 रुपये घरातून गेले. आपली मजुरी न धरणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ती बहुतेक वेळा घरातल्या बाईची असते. ती दिवाळीला थकते, हिशोब "नफा" दाखवतो, आणि पुढच्या वर्षी ती करत नाही. भाव 400 ठेवला तर दुकानदाराचे 80 वजा होऊन 320 येतात, किलोला 54 उरतात. पोहोचवणं, नमुने आणि परत आलेली पाकिटं त्यातून भागतात. हा भाव तुमच्या वस्तूला मिळत नसेल, तर वस्तू बदला. मजुरी कापू नका.

दुकानात गेलात की ऐकू येईल, "रख दो भिया, बिकेगा तो पैसे ले जाना." पहिल्यांदा दहाच पाकिटं ठेवा, तारीख लिहून सही घ्या, आणि आधीच्या दहाचे पैसे आल्याशिवाय पुढची देऊ नका. नम्रपणे नाही म्हणता येणं हा मी उद्योजकाचा मोठा गुण मानतो. पुरणासारख्या वस्तूला तर निम्मे पैसे आगाऊच हवेत. ते फ्रीजमध्येही तीन-चार दिवसांचंच सोबती, आणि होळी झाली की कोणी विचारत नाही.

टिकण्याची तारीख अंदाजाने छापू नका. एकाच घाण्याची बारा पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडा, वास आणि कुरकुरीतपणा लिहा. सातव्या आठवड्याला खवटपणा जाणवला तर तारीख चार आठवड्यांची छापा, कारण दुकानात पाकीट उन्हातही राहतं. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही, वाफ आत अडकते. तेल काळवंडलं, फेसाळलं, लवकर धुरायला लागलं की बदला. एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेची केंद्रीय संस्था, तिच्या नियमाने तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही.

कागदपत्रं फार नाहीत. एफएसएसएआयची नोंदणी करून 14 अंकी नंबर लेबलवर टाका. सोबत घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, बॅच, पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

चकलीच्या मशीनचं शेवटी बघा. हाताच्या सोऱ्याने रोज दहा किलो काढून ते सलग दोन महिने विकलं जात असेल आणि तरी मागणी उरत असेल, तरच. छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. हप्ता भरण्याइतके पैसे वहीत आधीच दिसत असतील तरच बँकेत जा.

दिवाळीची चकली करायची असेल तर पहिली वीस पाकिटं आषाढात विका. श्रावणात तक्रारी ऐकून प्रमाण बदला, गणपतीत दुकानात दहा-दहा ठेवून बघा, आणि नवरात्र लागताच आगाऊ नोंदणी सुरू करा. कोजागिरीनंतर नवी नोंद घेऊ नका. तोवर सोऱ्या धरणाऱ्या हातांना सुटी कधी, तेही त्याच वहीत लिहून ठेवलेलं असू द्या.