पैलवान गारठला

कोल्हापुरात थंडी पडते म्हटलं की नाशिककर गालातल्या गालात हसतात. हसू देत. आमच्याकडं पारा 14-15 वर उतरला की रंकाळ्यावर फिरायला आलेली जनता माकडटोपीत अशी गुंडाळलेली असते की सख्खा मेव्हणासुद्धा आवाजावरनं ओळखावा लागतो. गुऱ्हाळं पेटलेली असतात, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध असतं आणि ‘सर्दी झालीया’ एवढ्या भांडवलावर पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांमागनं वाट्या रिचवता येतात. थंडीत स्वतःची काळजी घेणं यालाच म्हणतात, अशी माझी समजूत होती. पैलवानानं ती मोडली.

पैलवान म्हणजे आमचा कुत्रा. जात कारवान. नावावर जाऊ नका. बरगड्या लांबनं मोजून घ्याव्यात अशी अंगकाठी, केस असून नसल्यासारखे आणि चरबीच्या नावानं शंख. मंगळवार पेठेत हे नाव तसं अडचणीचंच. ‘पैलवान, मुतून घ्या चला’ असं दारातनं ओरडलं की तालमीकडं निघालेली दोन-तीन पोरं दचकून वळतात.

डिसेंबरात हा गडी कुडकुडायला लागला. कान तापलेले वाटले म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेला. त्यांनी थर्मामीटर लावला (कुठं ते पैलवानालाच विचारा) आणि म्हणाले, “101.5 आहे, एकदम नॉर्मल.” कुत्र्याचं अंग मुळात 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. म्हणजे ज्या आकड्यावर मी हापिसात रजा टाकतो, त्या आकड्यावर हा मांजराच्या मागं पळतो. “ताप नाही, पण थंडी खरीच वाजतीया,” डॉक्टर म्हणाले. लॅब्राडोरला केसांखाली मऊ केसांचा आणखी एक थर असतो. कारवानाला तो नसतो. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांनाही असंच गारठायला होतं. मग त्यांनी विचारलं, “घरात थंडीचं काय काय करता?”

मी हौसेनं सांगत गेलो. तिथंच घात झाला.

ट्रंकेतनं स्वेटर काढले? मग त्यातल्या डांबराच्या गोळ्या आधी फेका, त्या पोटात गेल्या तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आबा गुडघ्याला दुखण्याचं जेल चोळतात? कुत्र्यानं ते चाटलं तर पोटात जखमा होतील, किडनी जाईल. रात्री खोली बंद करून कोळशाची शेगडी? ती कुत्र्यालाच काय, आबांनासुद्धा चालणार नाही. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. आणि डिंकाचे लाडू? “त्यात बेदाणे असतात का?”

आता आमची आत्ती तासगावची. तासगावच्या बाईला बेदाणा विष आहे असं सांगायला काळीज लागतं. मी ते बायकोवर ढकललं. आत्तीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्या मोत्यानं हयातभर बेदाणं खाल्लं. शेवटी ट्रॅक्टरखाली गेला, बेदाण्यानं न्हाई.” यावर वैद्यकशास्त्राकडं उत्तर नसतं. सगळ्याच कुत्र्यांना बाधतं असं नाही, पण कुठल्याला बाधेल ते आधी कळत नाही आणि बाधलं तर किडनीवर जातं, हे बायकोनं परत परत सांगितलं. डबा माळ्यावर गेला. हात पुरत नाही तो माझा. पैलवान मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचं नाक ओट्यावर जातं, म्हणून माळाच.

राहिला स्वेटर. दुकानातला ‘लार्ज’ छातीला बसेना आणि ‘मीडियम’ पोटाला लोंबायला लागला. शेवटी महाद्वार रोडमागच्या आमच्या टेलरमामांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेप टाकली. छाती 28. कंबर 19. मामांनी टेप उलटी करून परत मोजली.

“नाव काय म्हणालात?”

“पैलवान.”

“कंबर तर हिरॉईनची हाय.”

पैलवान तोवर टेपचं टोक चघळत होता. मामांनी व्यावसायिक गांभीर्यानं पुढचे प्रश्न विचारले. बाही अर्धी का पूर्ण? कॉलर पाहिजे? खालनं किती मोकळं सोडू? हा शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा. नर कुत्र्याच्या पोटाखालचं कापड मागंपर्यंत नेलं तर पहिल्या खांबालाच ते ओलं होतं आणि ओला स्वेटर घालण्यापेक्षा उघडं फिरलेलं बरं. काखेत काचू नये, मानेत दोन बोटं सहज जावीत, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मामांनी सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या लग्नाच्या सुटाला त्यांनी एवढं विचारलं नव्हतं, आणि तो अजून काखेत काचतो.

आमच्या घराची आता शिस्तच बदलली आहे. स्वेटरांत कडुनिंबाचा पाला. आबा जेल लावून वर पायजम्याची नाडी आवळून बसतात. शेगडी बाहेर अंगणात. माझ्या टाचांच्या भेगांचं मलमसुद्धा पैलवान चाटतो म्हणून रात्रभर मोजे. कडकडीत पाण्यानं आंघोळ बंद, कातडी कोरडी पडते म्हणून. हा सल्ला खरं तर पैलवानासाठी होता, पण बायकोनं गिझर दोघांसाठी एकाच आकड्यावर लावला. त्याला मात्र आंघोळ क्वचितच, आणि नंतर पंचानं खसाखसा पुसून वर ड्रायर. मला ड्रायर मागितला तर “तुम्हाला केस कुठं आहेत?” असं उत्तर मिळालं.

संक्रांतीच्या तोंडावर आत्ती दोन डबे घेऊन आली. एक आमचा. दुसऱ्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून ‘पैलवान – बिनबेदाणा’ असं लिहिलेलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, बेदाणा नसला तरी तूप-गूळ त्याला नको. डबा परत द्यायची कुणाची छाती होती? पैलवानाच्या वाटणीचे लाडू सध्या मी खातोय, मुकाट्यानं, आत्ती बघत नसताना. काल ती फोनवर शेजारणीला सांगत होती, “बघ, लाडू सुरू केल्यापासनं कुत्र्याचं अंग कसं भरलंय.”