जनसंवादाची पदवी: मेजर ठरला, मायनरचं काय?

अण्णांच्या भाचीने बारावीनंतर जनसंवादाची पदवी घ्यायचं ठरवलंय. काल ती कट्ट्यावर आली आणि संभाजीनगरच्या निराला बाजारात रात्री दुकानं बंद होईपर्यंत आम्ही त्यावरच भांडत बसलो.

"पोरीला पुण्याला धाडा," पिंट्याने सुरुवात केली. तो लग्नांचे व्हिडिओ आणि नेत्यांचे रील करतो. "आणि खरं सांगू का अण्णा, डिग्री तरी कशाला? एडिटिंग मी महिन्याभरात शिकवतो तिला."

"एडिटिंग शिकवशील रे, पण काय कापायचं नि काय ठेवायचं, हे कोण शिकवणार?" बापू भडकला. तो पेपरात उपसंपादक आहे. त्याचं म्हणणं, आधी राज्यशास्त्र नाहीतर अर्थशास्त्रात बीए कर. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट काय, आपल्या विद्यापीठाचा विभाग काय, पत्रकारितेला पदवीनंतरही जाता येतं. विषयच माहीत नसेल तर माईक धरून बोलणार काय?

बापूचं मला निम्मं पटतं. पण तो बोलत होता जुन्या बीएबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची रचनाच बदललीय. मास्तरांनी पेपरच्या कडेला आकडे मांडले: सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट (शिकायच्या तासांचं माप), तीन वर्षांचे १२० ते १३२, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि १६० ते १७६. मेजर म्हणजे मुख्य विषय, त्यासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय घ्यावाच लागतो. "सगळे घासाघीस करतात मेजरवर," मास्तर म्हणाले, "मायनर मात्र जो मिळेल तो."

माझ्या मते खरं नियोजन तिथेच आहे. बापूला हवं ते अर्थशास्त्र मायनर म्हणून घेता येतं, जनसंवाद सोडावा लागत नाही.

विषय माहीत नसला की काय होतं, हे सांगायला बापूने मग जायकवाडी धरण काढलं. उन्हाळ्यात 'धरण शून्यावर' अशी बातमी मोबाईलवर फिरायला लागते आणि घराघरांत पिंपं भरून ठेवायची घाई होते. शून्यावर येतो तो उपयुक्त साठा, म्हणजे नेहमीच्या मार्गाने सोडता येणारं पाणी. धरणाची क्षमता साधारण १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं ७६ उपयुक्त, आणि खाली २६ टीएमसी मृतसाठा उरतो. अडीनडीला शहरासाठी पंप लावून त्यातूनच पाणी उचलतात. म्हणजे काळजी खरी, पण धरण कोरडं पडलेलं नसतं. हा फरक ज्याला कळत नाही तो लाखो माणसांना घाबरवतो, तेही सफाईदार भाषेत आणि सुंदर ग्राफिक लावून. मला याची चीड येते.

"मग मेजर जनसंवाद आणि मायनर भूगोल, चालेल का?" भाचीने विचारलं. एवढ्या वेळात तिचा पहिलाच प्रश्न आणि तोही नेमका.

"चालेल, पण कॉलेजात तो पर्याय असला तर," मास्तर म्हणाले. "माहितीपत्रकावर विसंबू नकोस. फी भरायच्या आधी विभागात जाऊन विचार, मायनरला काय काय आहे आणि शिकवायला कोण आहे."

ऑन जॉब ट्रेनिंगवरून, म्हणजे पदवीतच करायच्या प्रत्यक्ष कामावरून, परत जुंपली. ती ४ क्रेडिटची, क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. "माझ्याकडे कर," पिंट्या. "डेस्कवर ये," बापू. मी म्हटलं, दोन्ही सोडून आकाशवाणीला विचारावं, नाहीतर वाल्मीत, म्हणजे इथल्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत. जनसंवाद म्हणजे फक्त बातमी आणि जाहिरात नव्हे. पाण्याचं शास्त्र शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगता येणं हेही हेच काम आहे, आणि मराठवाड्यात त्याची गरज फार मोठी आहे.

अण्णा तोवर गप्प होते. "पुण्यातल्या खोलीचं भाडं धरलंत का कुणी?" त्यावर पिंट्याही जरा थंडावला.

"उद्या इथल्या दोन कॉलेजांत जाऊन मायनरची यादी आणते," भाची म्हणाली, "पुण्याचीही मागवते. मग बसू."