दुसऱ्या अलेक्झांडरच्या सुधारणा म्हणजे नाटक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया अभ्यासून लिहिलेली आहे, त्यामुळे नुसते आभार मानून विषय मिटवणं मला पटत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रशियाच्या दुसऱ्या अलेक्झांडरला मी ‘मुक्तिदाता झार’ म्हणून डोक्यावर घेतलं; प्रत्यक्षात त्याने भूदासांना (जमीनदारांच्या मालकीच्या, जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना) त्यांचीच जमीन विकत घ्यायला लावली, पोलंड चिरडला, त्याच्या सगळ्या सुधारणा म्हणजे गादी टिकवण्याचं नाटक होतं, आणि शेवटी लोकांनीच त्याचा हिशेब चुकता केला.

जमिनीबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे, किंबहुना व्यवहार त्याहून वाईट होता. 1861 च्या जाहीरनाम्याने खासगी जमीनदारांचे सुमारे 2 कोटी 30 लाख भूदास माणूस म्हणून मोकळे झाले. त्यांची खरेदी-विक्री, मालकाच्या मर्जीने लागणारी लग्नं संपली. जमीन मात्र मालकाचीच धरली गेली. तिच्या किमतीपैकी साधारण 80 टक्के रक्कम सरकारने जमीनदाराला रोख्यांच्या रूपात द्यायची आणि शेतकऱ्याने ती दरसाल 6 टक्के या हिशेबाने 49 वर्षं फेडत राहायची. आता किंमत कशी काढली ते बघा. जमिनीच्या बाजारभावावरून नव्हे, तर तो शेतकरी आधी मालकाला जो खंड देत होता त्यावरून! त्या खंडात त्याच्या अंगमेहनतीची कमाईही धरलेली होती. म्हणजे जमिनीच्या नावाखाली त्याची स्वतःची मेहनत त्यालाच विकली गेली. काळ्या, सुपीक मातीच्या पट्ट्यात तर आधी कसत असलेल्या जमिनीतला मोठा तुकडा कापून घेतला गेला. कुठे कुरण गेलं, कुठे पाण्याकडे जाणारी वाट गेली. हप्त्याला अख्खं गाव जामीन. एकाने थकवलं की शेजाऱ्यांच्या डोक्यावर बसायचं, म्हणून गाव कुणाला सहजासहजी बाहेर पडू देत नसे. हे हप्ते कायमचे बंद व्हायला 1907 साल उजाडलं.

शेतकऱ्यांना हे तेव्हाच कळलं होतं. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावात अंतोन पेत्रोव्ह नावाच्या, थोडंफार वाचता येणाऱ्या शेतकऱ्याने तो किचकट कायदा स्वतः वाचला आणि सांगितलं की झारने खरं तर पूर्ण स्वातंत्र्य दिलंय, जमीनदार आणि अधिकारी ते दडवून ठेवताहेत. आसपासच्या गावांतून हजारो माणसं त्याच्या घराभोवती जमली, त्याला सैनिकांच्या हवाली करेनात. एप्रिल 1861 मध्ये त्या नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. सरकारी आकडा धरला तरी पन्नासाहून जास्त माणसं मेली. पेत्रोव्हला गोळ्या घालून देहदंड दिला गेला.

मग मी ‘नाटक’ हा शब्द का मानत नाही? गादीची काळजी त्याला नव्हती असं मी म्हणत नाही. क्रिमियन युद्धात हार पत्करल्यावर 1856 मध्ये त्याने मॉस्कोच्या सरदारांना उघड सांगितलं होतं की भूदासपद्धत खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून मोडलेली बरी. हेतूत भीती होतीच. पण सुधारणेची परीक्षा मी हेतूवरून करत नाही. ती सुधारणा करणाऱ्याच्याच अंगावर आली तेव्हा काय झालं, यावरून करतो.

त्यासाठी 1864 च्या न्यायालयीन सुधारणेकडे या. उघडी सुनावणी, ज्यूरी, स्वतंत्र वकीलवर्ग, सहजासहजी काढता न येणारे न्यायाधीश. यातलं काहीही आधीच्या रशियात नव्हतं. जानेवारी 1878 मध्ये व्हेरा झासुलिच या तरुणीने पीटर्सबर्गचा प्रमुख अधिकारी जनरल त्रेपोव्ह याच्यावर गोळी झाडली. कारण? टोपी काढली नाही म्हणून त्याने बोगोल्यूबोव्ह या राजकीय कैद्याला फटके मारवले होते. त्रेपोव्ह जखमी झाला, गुन्ह्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. न्यायमंत्री पालेन याला शिक्षेची खात्री हवी होती. न्यायाधीश अनातोली कोनी यांनी ती दिली नाही. वकील अलेक्सांद्रोव्ह यांनी सगळा रोख त्या फटक्यांवर नेला. ज्यूरीत बहुतेक छोटे सरकारी नोकर होते, झारच्या पगारावर जगणारे. त्यांनी तिला निर्दोष सोडलं! बाहेर पोलीस तिला पुन्हा धरायला गेले, गर्दीने आड येऊन तिला निसटू दिलं.

सरकारने त्यानंतर असे खटले ज्यूरीकडून काढून घेतले, लष्करी न्यायालयांकडे वळवले. हे मी लपवत नाही. पण नुसत्या देखाव्याच्या न्यायालयाकडून असले अधिकार काढून घ्यायची गरज पडत नाही. त्या दालनात बसलेल्या बारा माणसांना आपला शब्द चालतो हे कळलं होतं, आणि ते शिकवणारा कायदा अलेक्झांडरनेच केला होता.

तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या पोलंडबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. तिथला 1863 चा उठाव मोडताना झारचा गव्हर्नर-जनरल मुराव्योव्ह याने लिथुआनियाच्या भागात फाशीचं सत्र चालवलं. युक्रेनी पुस्तकांवर 1876 मध्ये आलेली बंदीही याच झारची. तुमच्या मुद्द्याला आणखी बळ देणारी गोष्ट सांगतो: 1864 मध्ये पोलंडच्या शेतकऱ्यांना रशियन शेतकऱ्यांपेक्षा कितीतरी बऱ्या अटींवर जमीन मिळाली, कारण तिथले जमीनदार बंडखोर होते आणि त्यांचं कंबरडं मोडायचं होतं. म्हणजे न्याय्य वाटप कसं करायचं हे सरकारला ठाऊक होतं. रशियन जमीनदारांना दुखवायची त्याची तयारी नव्हती. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा दोष हाच.

मात्र ‘लोकांनीच मारलं’ हे मला मान्य नाही. 1 मार्च 1881 ला पीटर्सबर्गमध्ये कालव्याकाठी बॉम्ब टाकून झारला मारलं ते ‘नरोदनाया वोल्या’ या छोट्या गुप्त संघटनेने. 1874 मध्ये खेड्यांत प्रचाराला गेलेल्या तरुणांना अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनीच पोलिसांच्या हवाली केलं होतं; पेत्रोव्हसारखेच ते शेतकरीही झारवर विश्वास ठेवून होते. त्याच 1 मार्चच्या सकाळी अलेक्झांडरने गृहमंत्री लोरिस-मेलिकोव्हच्या योजनेला संमती दिली होती. प्रांतिक सभांमधून निवडलेले प्रतिनिधी कायद्यांच्या मसुद्यांवर सल्ला द्यायला बोलवायचे, अशी ती योजना. ती संसद नव्हती, संविधानही नव्हतं. त्याचा मुलगा तिसऱ्या अलेक्झांडरने तीही गुंडाळली, आणि एप्रिल संपता संपता निघालेल्या जाहीरनाम्यात निरंकुश सत्ता अबाधित राहील असं बजावलं.