सामरी, सासूबाई आणि ब्लू-रे

आमच्या ह्यांना दारूचं व्यसन नाही, शेअरबाजाराचं नाही, गड चढायचंही नाही. ह्यांना रामसे बंधूंचं, म्हणजे हिंदीत भुताचे सिनेमे काढणाऱ्या त्या भावांचं व्यसन आहे. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी पगार विचारला, गोत्र विचारलं, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला. हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मुरुडला गेलो तेव्हा मला वाटलं जंजिरा बघायला चाललोय. ह्यांनी गावाबाहेर गाडी थांबवली आणि टेकाडावरच्या नवाबांच्या राजवाड्याकडे हात करून म्हणाले, "ते बघ! रामसेंच्या किती सिनेमांतली हवेली आहे ती!" आत सोडत नाहीत, म्हणून बाहेरूनच फोटो. किल्ल्याकडे नेणारी होडी तेवढ्यात चुकली. महाबळेश्वरलाही तीच कथा. लोक स्ट्रॉबेरी खातात, आणि आम्ही ‘दो गज जमीन के नीचे’चं शूटिंग कुठल्या सरकारी विश्रामगृहात झालं त्याची चौकशी करतो. १९७२ चा सिनेमा. सात भाऊ. दोघं दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजाला, एक लिहायला, असं सगळं घरातल्या घरात. आणि सांगतात की अख्ख्या युनिटचा स्वयंपाक घरातल्या बायकांकडे. ही शेवटची गोष्ट हे फार कौतुकाने सांगतात. मला तेव्हापासून भुतांपेक्षा त्या बायकांचीच काळजी वाटते.

तर गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतून भाचा आला आणि ह्यांच्या हातात एक जाडजूड डबा ठेवून गेला. मला वाटलं बदाम. आत निघाले ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या तबकड्यांवर, सहा हिंदी भुताळी सिनेमे. मोंडो मकाब्रो नावाची कंपनी आहे, ती जगभरातले असले अचाट, विसरलेले सिनेमे हुडकून काढते आणि धुऊनपुसून विकते. २००६ सालीच तिने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ची जोडी डीव्हीडीवर काढली होती, इंग्रजी सबटायटल्ससकट. आपल्याकडे ज्या सिनेमाची कॅसेट लोक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचे, ती तिकडे रसिक लोक कपाटात रांगेने मांडून ठेवतात.

ह्यांचा जीव सगळ्यात जास्त अडकलाय तो ‘पुराना मंदिर’मध्ये. १९८४ चा, तुलसी आणि श्याम रामसेंचा. गोष्ट अशी की दोनशे वर्षांपूर्वी बिजापूरच्या राजा हरिमानसिंगाने सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवलं. धड पुरलं जुन्या मंदिरामागे आणि डोकं ठेवलं हवेलीत, पेटीत कुलूपबंद. मरताना सामरी शाप देतो की तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, आणि ज्या दिवशी माझं डोकं धडाला लागेल त्या दिवशी मी उठेन आणि तुझा वंश संपवेन.

गंमत म्हणजे या सिनेमाचं स्वतःचं डोकं आणि धड आमच्या घरात कधी एकत्र आलं नव्हतं.

ह्यांनी तो पहिल्यांदा पाहिला चाळीत. वर्गणी काढून एका रात्रीसाठी भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. कॅसेट आधी किती घरांतून फिरून आलेली असेल, आणि प्रत्येक घरात ती एकाच ठिकाणी मागे-पुढे केलेली असायची. त्यामुळे नायिका आरती गुप्ता आंघोळीला गेली रे गेली की पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. चाळीतले बापे ट्रॅकिंगच्या बटणाशी झटायचे आणि बाया "पुढे ढकला ते" म्हणून ओरडायच्या. शिवाय तळाशी जाहिरातींची पट्टी. सामरी डोळे वटारतोय आणि त्याच्या हनुवटीखालून कुठल्याशा बनियनची जाहिरात सरकत चाललीय. शेवट ह्यांनी पाहिलाच नाही, कारण पहाटे व्हीसीआरवाला दारात उभा.

मग व्हीसीडीचा काळ आला. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणजे सिनेमाचे दोन तुकडे ठरलेले. शिवाय सिनेमा अंधारातला, आणि व्हीसीडीला अंधार झेपायचा नाही. काळोखाचे चौकोन पडायचे आणि सामरी ढोकळ्याच्या ताटासारखा वड्यावड्यांनी पुढे सरकायचा. ह्यांनी भाड्याने आणलेल्या डब्यात दुसरी तबकडी भलत्याच सिनेमाची निघाली. पेटीचं कुलूप आता तुटणार अशा ठिकाणी पहिली संपली, दुसरी लावली तर कुणाच्या तरी मुलीची पाठवणी चाललेली. सासूबाईंनी ती पाठवणी शेवटपर्यंत पाहिली आणि रडल्यासुद्धा.

आता ब्लू-रेवर अख्खा सिनेमा एकाच तबकडीत आला होता. डोकं आणि धड एकत्र. फक्त ती घालायची कशात?

मी घरभर फिरले. टीव्हीला भोक नाही. लॅपटॉपला नाही. मुलीच्या लॅपटॉपला तर चार्जरचं भोक शोधायलासुद्धा चष्मा लागतो. माळ्यावरून जुना डीव्हीडी प्लेअर काढला, त्याने तबकडी आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि ‘नो डिस्क’ असं लिहून परत दिली. "अगं, डीव्हीडीचा लेसर लाल, ब्लू-रेचा निळसर. ह्याला ती वाचताच येत नाही," हे म्हणाले. हे माहीत होतं तर माझ्याकडून माळा का साफ करून घेतला, असं मी विचारलं. त्यावर ह्यांनी सबटायटल्सचं कौतुक सुरू केलं.

शेवटी त्राता सापडला वरच्या मजल्यावर. अर्णव, इयत्ता नववी. त्याच्या काकांनी अमेरिकेहून गेम खेळायचं यंत्र पाठवलेलं होतं आणि त्यात ही तबकडी चालते असं कळलं. पण अर्णवची अट होती: यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, तोच येऊन लावणार आणि तोच बंद करणार. म्हणजे शनिवारी रात्री आमच्या दिवाणखान्यात सासूबाई, हे, मी, आणि रिमोट हातात घेतलेला चौदा वर्षांचा ऑपरेटर. सिनेमाच्या सुरुवातीलाच सर्टिफिकेट झळकलं, त्यावर ठसठशीत ‘ए’. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

सिनेमा मात्र असा दिसला की मी तळणी सोडून बाहेर आले. मी सामरीच्या सोंगातलं रबर शोधायला बसले होते. शिवण दिसेल, चेन दिसेल, केसांचा टोप सुटलेला दिसेल. तसलं फारसं काही हाती लागलं नाही. हिरवा, तांबडा, निळा प्रकाश, धुक्यातून येणारी झाडं, कमानी. गंगू रामसेंनी कॅमेऱ्यावर काय मेहनत घेतली होती ती इतकी वर्षं रेघांखाली आणि चौकोनांखाली गाडलेली होती. आणि सामरी! अर्णवने विचारलं, "काकू, हा सीजी आहे का? कंप्युटरवर बनवलेला?" ह्यांना तेवढंच हवं होतं. तो नट अजय अगरवाल, रुडकीला शिकलेला इंजिनियर, पुढे ‘बँडिट क्वीन’मध्येही दिसला, आणि त्याचा चेहराच असा की रामसेंना मेकअपला फार खर्च आला नसेल.

"इंजिनियर? कसला?" सासूबाईंनी विचारलं.

"सिव्हिल."

"मग आधी ती हवेली नीट बांधायची. किती गळतेय."

सासूबाईंना सिनेमा कळतो, पण तो स्वतःच्या हिशेबाने. चौकीदार दुर्जन दिसल्याबरोबर "अगं, हा आपला अमरापूरकर!" म्हणून त्या इतक्या खूश झाल्या की पुढची दहा मिनिटं त्याला काही होऊ नये म्हणून हात जोडून बसल्या. ‘अर्धसत्य’मधला त्याचाच खलनायक रामा शेट्टी त्यांनी पाहिला असता तर हात जोडले नसते.

मधेच जगदीपचं प्रकरण सुरू झालं. ‘शोले’त सूरमा भोपाली झालेला माणूस इथे मच्छरसिंग नावाचा डाकू होऊन ‘शोले’चीच टिंगल करतो. त्याचा आणि सामरीचा संबंध मला अजून लागलेला नाही. कॅसेटवर लोक हा भाग पळवायचे, त्यामुळे तो इतका मोठा आहे हे मला नव्यानेच कळलं. सामरीला मी घाबरले नाही. मच्छरसिंग परत आला की मात्र पोटात गोळा येत होता. अर्णवला सांगावं तर ऑपरेटरसाहेब नेमके त्यातच रमलेले.

आणि मग तो प्रसंग आला. आरती गुप्ता बाथरूमकडे निघाली. इथे आता रेघा नव्हत्या, चौकोन नव्हते, बनियनची पट्टीसुद्धा नव्हती. हे एकदम दाढ दुखल्यासारखे बसले. मी "पुढे ढकल रे" म्हणेपर्यंत सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अर्णव, बाळा, आत देवघराशेजारी माझ्या गोळ्यांचा डबा आहे, जरा आण." तो डबा देवघराशेजारी कधीच नसतो. तो त्यांच्या उशाशी असतो. पोरगं रिमोट खिशात घालूनच गेलं आणि आम्ही तिघांनी तो प्रसंग कुटुंबवत्सल शांततेत पाहिला. डबा न मिळाल्यामुळे परत आलेला अर्णव म्हणाला, "मागे घेऊ का? मी काही मिस केलं का?" "नाही," तिघंही एका सुरात.

पण खरी गंमत पुढे झाली. शापाची गोष्ट त्या राजाचा वंशज ठाकूर आपल्या मुलीच्या प्रियकराला ऐकवत होता, फार भावपूर्ण चेहऱ्याने, आणि सासूबाईंनी टीव्हीकडे बोट केलं. "मुंडकं उडवलं कुणी? राजाने. मग मरायचं सुनांनी का? दुसऱ्या घरातून आलेल्या त्या. त्यांचा काय संबंध?"

मी तळण्याचा झारा हातात घेऊन उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एखाद्या मुद्द्यावर आमचं असं लगेच जमल्याचं मला आठवत नाही. "आई, अगदी खरं," मी म्हणाले. "आणि दोनशे वर्षांत त्या घराण्यातल्या एकाही पुरुषाला वाटलं नाही की आपण लग्नच करू नये?"

"शाप आहे तो, त्याला लॉजिक नसतं," हे म्हणाले.

"सैतानाला नसेल. राजाला तरी असायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या आणि भजी मागितली.

यानंतरचा सिनेमा आम्ही दोघींनी सामरीच्या बाजूने पाहिला. पेटी उघडली, डोकं धडाकडे निघालं, तेव्हा सासूबाई पुढे सरसावून बसल्या. ह्यांनी इतकी वर्षं वाट पाहिलेला शेवट अखेर आला, पूर्ण, स्वच्छ, जाहिरातीविना. हे डोळे मिटून घोरत होते. मी उठवणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे. नाहीतर परत लावायला सांगेल."

अर्णवने वायरी गुंडाळता गुंडाळता डबा उलटसुलट करून पाहिला. "अजून पाच आहेत. पुढच्या शनिवारी ‘वीराना’?"

"‘बंद दरवाजा’ आधी," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या दिवशी भजी ह्याने तळायची." त्यांनी घोरणाऱ्या मुलाकडे बोट केलं. मी लगेच फोनवर शनिवारची आठवण लावून ठेवली, ह्यांच्या फोनवर.