‘पाच ओळींत फाइल अपलोड’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडे वेबसाइट करून देणाऱ्या आम्हा लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश हातोहात पुढे जातो आहे. त्याचा आशय असा : फॉर्ममधून फाइल घेण्याचा लोक उगाच बाऊ करतात, सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत पाच ओळींत काम होते. इनपुटला ॲक्सेप्ट लावा, सर्व्हरवर फाइलचा टाइप तपासा, मूळ नावानेच अपलोड्स फोल्डरमध्ये टाका, त्या फोल्डरात एक एचटीॲक्सेस (तिथला कोड चालू न देणारी सेटिंगची फाइल) ठेवून द्या. फाइल मोठी असली तर पीएचपी स्वतःच नाकारतो. आणि तसेही, खेड्यातल्या शेतकरी कंपनीच्या साइटवर हल्ला करायला कोण येते?

हाच कोड शेतकरी उत्पादक कंपन्यांना, पतसंस्थांना, शाळांना लावून दिला जातो आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला गरजेचे वाटते. सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीचा सगळा ढिलेपणा त्याच्याच भरवशावर उभा आहे.

कोण येते? माणूस येतच नाही. आयपी पत्त्यांच्या रांगाच्या रांगा चाळत फिरणारे प्रोग्राम येतात आणि त्यांना मुंबई काय, आर्णी काय, सारखेच. साइटला एचटीटीपीएससाठी प्रमाणपत्र घेतले की डोमेनचे नाव प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत चढते. ती नोंदवही कोणालाही वाचता येते. म्हणजे गावात साइटचे उद्‌घाटन होण्याआधीच तिची खबर बाहेर गेलेली असते.

आता आपल्या फोल्डरात काय असते ते पाहा. सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. एका शेतकऱ्याच्या नावावर फसवणूक करायला याहून जास्त काही लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे खरे. पण कायदा नसता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. ज्या काकाजींनी विश्वासाने पासबुक फोटो काढायला दिले, त्यांना त्या फोल्डरची काहीच कल्पना नाही. ती जबाबदारी कोड लिहिणाऱ्याची.

आता ॲक्सेप्ट आणि टाइप. फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत १९९५ साली झेरॉक्समधल्या लॅरी मॅसिंटर आणि अर्नेस्टो नेबेल यांनी आरएफसी १८६७ मध्ये मांडली. मल्टिपार्ट फॉर्म डेटा म्हणतो तो हाच. त्यात प्रत्येक फाइलच्या आधी फील्डचे नाव, फाइलचे नाव आणि कंटेंट टाइप अशी माहिती जाते, आणि ती सगळी पाठवणाराच लिहितो. ॲक्सेप्ट ही फाइल निवडायच्या खिडकीपुरती सोय आहे. त्याच खिडकीत ‘सर्व फाइल्स’ निवडून ती ओलांडता येते, आणि ज्याला त्रास द्यायचा आहे तो ब्राउझर उघडतच नाही, कर्ल या कमांडने थेट विनंती पाठवतो. आलेल्या फाइलींची माहिती पीएचपी ज्यात देतो त्या फाइल्स ॲरेमधला टाइप हा त्या पाठवलेल्या ओळीची जशीच्या तशी नक्कल असतो. पीएचपीच्या मॅन्युअलमध्येच लिहिले आहे की हा प्रकार पीएचपी तपासत नाही, त्यावर विसंबू नका. व्यापारी पोत्यावर काय लिहिले ते वाचून तुरीचा भाव लावत नाही, हात घालून दाणे पाहतो. सर्व्हरनेही तेच करायला हवे.

आत पाहायची सोय पीएचपी ५.३ पासून फाइलइन्फोच्या रूपाने सोबतच येते. जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ या बाइट्सनी होते, पीडीएफची टक्के-पीडीएफ या अक्षरांनी. फाइलइन्फो अशा खुणांवरून प्रकार ओळखते. त्यावरून सर्व्हरने स्वतः ठरवायचे की विस्तार (नावाच्या शेवटचा भाग) जेपीजी द्यायचा, पीडीएफ द्यायचा की फाइल परत करायची. परवानगीची यादी छोटी ठेवा. आपल्या फॉर्मला बहुतेक वेळा जेपेग, पीएनजी आणि पीडीएफ एवढेच लागते. एसव्हीजी हा चित्राचा प्रकार तर घेऊच नका, त्याच्या आत स्क्रिप्ट बसते आणि ती पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते.

मात्र खूण पटली म्हणजे माल चोख, असे समजू नका. सुरुवातीला जीआयएफ८९ए ही अक्षरे आणि मागे पीएचपी कोड, अशी फाइल या तपासणीतून सहज जीआयएफ म्हणून पुढे जाते, आणि तो कोड सर्व्हरवर चालला तर साइट हल्लेखोराच्या हातात जाते. खऱ्या जेपेगच्या टिप्पणीच्या जागेतही कोड लपवता येतो, आणि चित्राची लांबी-रुंदी वाचणारे गेटइमेजसाइज हे फंक्शन त्यावर हरकत घेत नाही. म्हणून फोटो असेल तर तो जीडी या पीएचपीच्या चित्र हाताळणाऱ्या एक्स्टेन्शनने उघडून नव्याने लिहावा. चित्र उरते, लपवलेले बहुतेक गळून पडते. हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या कुठल्याच पाच ओळींत मावत नाहीत.

पहिली, मेमरी. फोटो उलगडला की जीडीला एका पिक्सेलला ४ बाइट लागतात. ५० मेगापिक्सेलच्या फोटोला त्या हिशेबाने २०० एमबी झाले, आणि पीएचपीची नेहमीची मेमरी मर्यादा १२८ एमबी असते. म्हणून उघडण्याआधी लांबी-रुंदी वाचून घ्या आणि फार मोठा फोटो तिथेच थांबवा. दुसरी, दिशा. फोन आडवा होता की उभा, हे बऱ्याचदा एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच असलेल्या नोंदीत, लिहिलेले असते. नवी फाइल लिहिताना एक्झिफ जाते आणि सातबारा आडवा पडतो. त्यामुळे आधी फोटो फिरवून घ्यायचा, मग लिहायचा. तिसरी गोष्ट शेताच्या फोटोंची. एक्झिफमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. ओळखपत्राच्या फोटोतून ते गेलेले उत्तम, कारण त्यातून माणसाचे घर कळते. पण गारपिटीत झोपलेल्या हरभऱ्याचा फोटो असेल तर तीच नोंद पुरावा ठरू शकते. तेव्हा जागा आधी वाचून डेटाबेसात ठेवा, मूळ फाइल बंद जागी जपा आणि दाखवायला नवी प्रत वापरा.

मूळ नाव ठेवण्याचा सल्ला दिसायला निरुपद्रवी आहे, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होईल असे मला वाटते. तेही कोणी हल्लेखोर न येता. आपल्याकडे कागदाचा फोटो बहुधा व्हॉट्सॲपवरून फिरत येतो. मुलाने काढला, काकाला पाठवला, काकाने सेवा केंद्रात दाखवला. अँड्रॉइडवर अशा फोटोचे नाव आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे असे पडते, आणि ते आकडे प्रत्येक फोनचे वेगळे मोजले जातात. एकाच दिवशी दोन शेतकऱ्यांच्या दोन फोटोंचे नाव अगदी एक असू शकते. मूव्ह_अपलोडेड_फाइल हे फंक्शन त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर नवी लिहिते आणि काहीही बोलत नाही. एकाच्या खात्यासमोर दुसऱ्याचे पासबुक उघडते. पैसे चुकीच्या खात्यात गेल्यावर ते परत आणायला किती खेटे घालावे लागतात, ते गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मराठी नावांचे आणखी वेगळेच. ‘सातबारा’ किंवा ‘पेरणी दाखला’ अशा देवनागरी नावाची फाइल येते आणि ‘नाव स्वच्छ करा’ म्हणून लावलेला फिल्टर इंग्रजी अक्षरे व आकडे सोडून सगळे खोडून टाकतो. उरतो फक्त विस्तार. म्हणजे मराठीत नाव दिलेल्या सगळ्या पीडीएफ एकाच नावाच्या होतात. शिवाय मार्गातून फाइलचे नाव वेगळे काढणारे बेसनेम हे फंक्शन लोकेल, म्हणजे सर्व्हरची भाषेची सेटिंग, पाहून चालते. लोकेल जुळवलेले नसेल तर देवनागरी नावाची अक्षरे गळू शकतात. ज्यांनी फाइलला आपल्या भाषेत नाव दिले त्यांचीच फाइल हरवावी, हे मला सहन होण्यासारखे नाही.

उपाय सोपा आहे. डिस्कवरचे नाव सर्व्हरने द्यायचे. रँडम_बाइट्स(१६) हेक्समध्ये घेतले की ३२ अक्षरांचे नाव मिळते, ते दुसऱ्याशी जुळण्याची भीती नाही आणि कोणाला अंदाजही बांधता येत नाही. मूळ नाव डेटाबेसात देवनागरी नीट साठवणाऱ्या यूटीएफ८एमबी४ कॉलममध्ये वेगळे ठेवा आणि पडद्यावर दाखवताना एचटीएमएलस्पेशलचार्समधून काढा, म्हणजे नावात लपवलेला कोड चालणार नाही. ऑपरेटरला फाइल ओळखू येते, ‘सातबारा’ हा शब्दही शाबूत राहतो. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कची स्टोअर पद्धत असे नाव स्वतःच देते, पायथनमधले जँगो फ्रेमवर्कही नाव जुळले तर मागे अक्षरे जोडते. साध्या पीएचपीत ते काम आपले आपण करायचे.

एचटीॲक्सेसच्या भरवशावर राहू नका, याचे उदाहरण घडून गेलेले आहे. ब्लूइम्पचे जेक्वेरी फाइल अपलोड हे जगभर वापरले जाणारे प्लगइन असेच एचटीॲक्सेसवर विसंबून होते. अपाचे या वेब सर्व्हरने २.३.९ या आवृत्तीपासून ॲलाउओव्हरराइड या सेटिंगची मूळ स्थिती ‘नन’ केली. म्हणजे मुद्दाम सुरू केल्याशिवाय ती फाइल वाचलीच जात नाही. प्लगइनचा पहारा उठला आणि कोणाला कळलेही नाही. २०१८ मध्ये अकामाई कंपनीच्या लॅरी कॅशडॉलर यांनी ते उघड केले, सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१८-९२०६ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर एचटीॲक्सेस कधीच वाचत नाही. आज एका होस्टिंगवर चालणारा कोड उद्या स्वस्त मिळाले म्हणून दुसरीकडे हलवला की तो पहारा तिथेच संपतो.

अपलोड्सचे फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या, म्हणजे वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर ठेवा. साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बहुधा तशी जागा मिळते. फाइल मागितली की आधी लॉगिन आणि हक्क तपासायचा, मगच स्क्रिप्टने ती वाचून द्यायची, नोस्निफ हेडर (ब्राउझरला फाइलचा प्रकार स्वतः ओळखू न देणारी सूचना) लावून आणि पीडीएफ असेल तर डाउनलोड म्हणून. पत्ता कळला म्हणजे आधार उघडले, असे कधीही होता कामा नये.

राहिला आकाराचा मुद्दा. पीएचपी मोठी फाइल नाकारतो, एवढे संदेशात खरे आहे. कशी नाकारतो, ते सांगितलेले नाही. अपलोड_मॅक्स_फाइलसाइज मुळात २ एमबी असते आणि पोस्ट_मॅक्स_साइज ८ एमबी. आजच्या साध्या फोनचा एक फोटोही २ एमबी ओलांडतो. तेव्हा फाइल्स ॲरेतल्या एररमध्ये १ हा आकडा येतो. तो न वाचणारा कोड पुढे निघून जातो आणि ‘अर्ज सादर झाला’ असे दाखवतो. चार-पाच फोटो मिळून ८ एमबीच्या वर गेले तर आणखी विचित्र घडते : पोस्ट (फॉर्ममध्ये भरलेली माहिती) आणि फाइल्स, दोन्ही रिकामे येतात. शेतकऱ्याने सगळा फॉर्म भरलेला असतो आणि पडद्यावर येते, ‘कृपया नाव भरा’. पुढे एनजिनएक्स असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी. विनंती पीएचपीपर्यंत पोहोचतच नाही, ४१३ (विनंती फार मोठी) असे इंग्रजी पान समोर येते.

सेवा केंद्रावरून फोन येतो तो असा : ‘भाऊ, सबमिट तं झालं म्हनते, पन फोटो दिसूनच नाही रायला.’ पीकविम्यात गारपीट, अतिवृष्टीसारख्या स्थानिक नुकसानीचे संरक्षण जिथे लागू असते, तिथे त्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. विमा कंपनीकडे पाठवायला सभासदांचे फोटो गोळा करणारा आपला फॉर्म असा खोटे बोलला, तर माणूस निर्धास्त घरी जातो आणि मुदत निघून जाते. पावसात लाइट गेलेली, टॉवर अर्धा जिवंत. अशा दिवशीच हे फॉर्म भरले जातात. म्हणून एररचा प्रत्येक आकडा वाचा आणि त्याला मराठीत वेगळे उत्तर द्या. ३ म्हणजे फाइल अर्धवट आली, ४ म्हणजे फाइल निवडलीच नाही. ६ आणि ७ म्हणजे दोष आपल्या सर्व्हरचा, तिथे शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावू नका, तुम्हाला सूचना यायला हवी. पोचपावतीचा क्रमांक फाइल जागेवर गेल्यावर आणि नोंद डेटाबेसात पक्की झाल्यावरच द्या. पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच फोटो लहान करून घेतला तर टू-जीवरही तो जातो. ही सोय जरूर द्या, फक्त तिला तपासणी समजू नका.

संदेशातली एक गोष्ट मला मान्य आहे : यासाठी जडशीळ लायब्ररी लागत नाही. वरचे सगळे एका छोट्या फाइलीत बसते आणि एकदा नीट लिहिली की प्रत्येक कामात वापरता येते.

ज्यांच्याकडे तो पाच ओळींचा कोड आधीच चालू आहे त्यांनी आधी अपलोड्स फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर न्यावा, मग त्यात पीएचपी, पीएचटीएमएल किंवा पीएचएआर (.phar) विस्ताराच्या फाइली शोधाव्यात. जेपीजीच्या आधी पीएचपी असलेली दुहेरी नावेही पाहावीत. एखादी सापडली तर घाईने पुसू नका. तिची प्रत आणि सर्व्हरचे लॉग बाजूला काढून ठेवा, डेटाबेसचा व होस्टिंगचा पासवर्ड बदला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते. आणि ज्यांची कागदपत्रे त्या फोल्डरात होती त्यांना फोन करून सांगा, म्हणजे ते बँकेत जाऊन खात्यावर लक्ष ठेवायला सांगू शकतील.